मलिद्याचं ताट

हेमा किहीमकरने मलिद्याचं ताट टीपॉयवर ठेवलं आणि मनोरमाच्या पोटात नेहमीसारखं दुखलं. गुळात कालवलेले पोहे, वर ओलं खोबरं, केळ्याच्या चकत्या. दर वर्षी मंडळाच्या निवडणुकीआधी हेमा हा आपल्या बेने इस्रायली घरचा मलिदा आणायची आणि पॅनलमधली माणसं त्यावर तुटून पडायची. मनोरमाचे अनारसे डब्यातच राहायचे. आखातातल्या या अख्ख्या करामा वस्तीत इतके जाळीदार अनारसे कुणाला जमत नाहीत, पण बोलतो कोण!

आज मात्र पॅनलप्रमुख रामचंद्र कामतांच्या फ्लॅटमध्ये कुणी ताटाला हात लावला नाही.

"सरळच बोलते," हेमा म्हणाली. "गेल्या शुक्रवारी पिकनिकला मनोरमावहिनी सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'ही ज्यू आहे. हिला उपाध्यक्ष कराल, तर उद्या मंडळाच्या दारात पोलीस येतील.' माझ्या मिस्टरांचा व्हिसा आहे हो इथे. कुणाच्या कानावर गेलं तर? वहिनींनी माफी मागावी, एवढीच माझी कम्प्लेंट."

मनोरमा पदराशी चाळा करत राहिली. बोलली होती खरी. हेमाच्या धर्माचं तिला एरवी काय पडलं होतं? पण हेमा गायला लागली की हॉल चिडीचूप, हेमा बोलली की पुरुषांच्यासुद्धा माना डोलणार, आणि आता उपाध्यक्षपदही न मागता हिच्याच पदरात! मनोरमाला ते बघवेना. म्हणून हाताला लागेल ते तिने फेकून मारलं होतं.

रामचंद्रांनी घसा खाकरला. "हेमाताई, आपल्यात भेदभाव नाहीच. म्हणून तर म्हणतो, वहिनी बोलल्या तो शब्दच मीटिंगमध्ये नको. इलेक्शन होईपर्यंत तुम्ही जरा मागे राहा. तुमच्याच सेफ्टीसाठी. तुमच्या जागी वहिनी उभ्या राहतील. खलास, विषय संपला."

"आणि माफी?"

"आता कम्प्लेंटच राहिली नाही ना, ताई."

हेमा उठली. दाराशी चपला घालायला तिने उगीचच वेळ लावला. कुणीच 'थांबा' म्हणालं नाही.

दार लागलं आणि मनोरमाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मिळालं बाई एकदाचं! पण बाकीच्यांच्या नजरा अजून त्या मलिद्यावरच होत्या. मेली गेली तरी ताट ठेवून गेली. मनोरमाने झटक्यात आपला डबा उघडला आणि सेक्रेटरी वासुदेवपुढे धरला.

"घ्या ना भाऊजी. घरचे आहेत."

वासुदेवने अनारसा उचलला, पण तोंडात घातला नाही.

"राग मानू नका हं, वहिनी," तो म्हणाला. "आता आधीच विचारून घेतलेलं बरं. तुमचं माहेरचं आडनाव काय?"