निरीक्षणाचे वीस मार्क

"वीसपैकी शून्य, मॅडम! हजर राहिल्याचा तरी एक द्यायचा!"

मिरचीने मार्कांचा कागद विभागप्रमुखांच्या टेबलावर असा आपटला की पेनांचा डबा आडवा झाला. घरी तिला मिरची म्हणत. कॉलेजात ते नाव कुणी नेलं कोण जाणे, पण तिथेही तेच पडलं. आणि आज तर ती भडकली होती.

फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल पहिल्या वेळी हातचं गेलं होतं. आज फेरपरीक्षा होती आणि परीक्षेला ती एकटीच. नियम सगळ्यांना पाठ होता: एका जरी भागात पुन्हा नापास झालं, की अभ्यासक्रमातून नाव कमी. तीन वर्षं दुसऱ्यांचे खांदे-गुडघे उचलून जे काही शिकली, ते सगळं पाण्यात.

बरं, काम काही वाईट झालं नव्हतं. पेशंट म्हणजे एक निवृत्त पोस्टमन, उजवा गुडघा दुखतो म्हणून आलेले. तिने गुडघा किती वाकतो ते मोजलं, मांडीचा जोर तपासला, चार व्यायाम करून घेतले. जाताना काका म्हणालेसुद्धा, "पोरी, तुझ्या हाताला गुण आहे हो."

आणि परीक्षक? बाहेरगावाहून आलेले मोठे गृहस्थ. खिडकीकडे तोंड करून बसले ते बसलेच. हिच्या कोटावर नंबर हा एवढा मोठा, तरी विचारतात, "नंबर काय तुझा?" तपासणीचा कागद पुढे केला, तर हातात घ्यायची तसदी नाही. "वाच. मी ऐकतोय." मार्कसुद्धा कारकुनाला तोंडी सांगितले. चहाचा कपही कारकुनाने हातात द्यायचा. काय तो थाट!

हॉलच्या भिंतीवर फुटाफुटाच्या अक्षरांत लिहिलंय, 'आधी पाहा, मग हात लावा.' आणि ज्या माणसाने डोळा वर करून पाहिलं नाही, त्याने हिला निरीक्षणात शून्य द्यावं! तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय होणार?

तिने जिन्यातच आईला फोन लावला होता. आई म्हणाली, "अन्याय झालाय ना? मग बोल. पण नीट बघून बोल. हात दाखवून अवलक्षण नको."

"काय बघायचंय त्यात?" असं म्हणत मिरचीने तिथेच पायरीवर बसून अर्ज लिहून काढला होता.

मॅडमनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

"हे सगळं तुझ्या मनाने लिहिलंस?"

"अक्षर न् अक्षर, मॅडम."

"मग त्यांनाच वाचून दाखव. अजून हॉलमध्येच आहेत ते."

"दाखवते! घाबरते की काय?"

परीक्षक त्याच खुर्चीत, त्याच खिडकीकडे तोंड करून बसले होते. मिरची त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली. "...संपूर्ण परीक्षेत माननीय परीक्षकांनी विद्यार्थिनीकडे एकदाही पाहिले नाही. असे असताना निरीक्षणात शून्य देण्याचा त्यांना काय अधिकार?"

"खरं आहे," ते शांतपणे म्हणाले. "एकदाही नाही."

कबूल करतोय बघा! मिरचीला आणखीच चेव आला. "मग माझं चुकलं काय, ते तरी सांगा!"

"ते काका दारापासून टेबलापर्यंत चालत आले, तेव्हा तू काय करत होतीस?"

"टेबलावर चादर घालत होते."

"त्यांचा डावा पाय जोरात पडतो, उजवा हलका. एक पाय आखूड असणार. गुडघा त्यापायी दुखतो. तू गुडघ्यालाच धरून बसलीस."

मिरचीने हातातला अर्ज फडकावला. "एवढ्यावर माझं नाव कमी करणार? माझी तीन वर्षं गेली, सर!"

"कागदावर माझी सही व्हायचीय अजून. एक संधी देतो. समज, मी पेशंट आहे. हात लावायचा नाही. नुसतं बघ आणि काय आढळतं ते सांग. बरोबर निघालं तर शून्य खोडतो."

आता कसे सापडले तावडीत! मिरचीने त्यांना नखशिखांत न्याहाळलं. घाई केली नाही. समोर जाऊन पाहिलं, मागे जाऊन पाहिलं, पुन्हा डावीकडे येऊन उभी राहिली.

"पाठ ताठ. खांदे समान. बसण्यात दोष नाही."

"अजून?"

"मान आखडलीय तुमची." तिचा आवाज चढला. "डावीकडे वळतच नाही. मी मघापासून इथे उभी राहून बोलतेय आणि तुम्ही सरळ समोर. परीक्षेतही तेच. मानेचं दुखणं तुमचं आणि शिक्षा मला!"

"नक्की?"

"शंभर टक्के. बाकी तुम्ही ठणठणीत आहात."

परीक्षकांनी मान सावकाश डावीकडे वळवली, अगदी खांद्यापर्यंत. मग उजवीकडे. कुठेही अडली नाही.

दारातून कारकून मॅडमकडचा मार्कांचा कागद सहीसाठी घेऊन आत आला.

"शून्य राहू दे," ते उठत म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. कारकुनाने कोपऱ्यातली घडीची पांढरी काठी उलगडून त्यांच्या हातात दिली.