दोन्ही पट्ट्या काढल्यावर

काकूंना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचा जुना कॉम्प्युटर फार रडतखडत चालायचा, म्हणून भर दुपारी काकांनी दुरुस्तीवालीला मेमरी वाढवायला बोलावलं.

तिने जुन्या पट्टीशेजारी मेमरीची नवी पट्टी बसवली. स्क्रीन काळाच राहिला आणि कॉम्प्युटरचा डबा तीनदा टूं टूं करून ओरडला. पट्टीची टोकं खोडरबराने घासून झाली, खाचा बदलून झाल्या, पण ओरडणं काही थांबेना.

"नसेल जमत तर राहू दे," मागून काका म्हणाले.

"थांबा काका, जुनीच बिघडलीय का बघते." तिने दोन्ही पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. "आता मेमरीच नाही. नुसता बोंबलेल, चालू होणार नाही."

तिने बटण दाबलं.

डबा गप्प होता. स्क्रीन उजळला आणि पांढऱ्या पानावर एकेक अक्षर उमटू लागलं. कीबोर्डला कुणाचाच हात नव्हता.

तिने घाबरून प्लग उपटला. अक्षरं उमटतच राहिली आणि स्क्रीनवर ओळ पूर्ण झाली:

"पोरी, ते कडी लावायच्या आत बाहेर पड."

तिने वळून पाहण्याआधीच पाठीमागे कडी वाजली.