घरच्याच तुम्ही

झाकण बसेना. तिने बाटली मांडीत दाबून धरली, दात-ओठ खाऊन पुन्हा पिळलं, तरी ते तोंडावरच अडलं. औषधाच्या कारखान्याने बाटली बदलली होती आणि नव्या बाटलीचं तोंड रुंद होतं. झाकणांची पोतीच्या पोती कारखान्याच्या फाटकावरून परत येऊन तिच्या वर्कशॉपच्या दारात पडली होती. मशीनवरच्या बायका काम थांबवून बघत होत्या.

"नवा साचा करायला दोन महिने जातात," ती म्हणाली. "तोवर थांबणार आहे का तुमचा कारखाना?"

दीर स्टुलावर अंग चोरून बसला होता. कारखान्याची सगळी खरेदी तोच बघायचा.

"नाही, वहिनी. साहेबांनी दुसरीकडे ऑर्डर दिली."

"लेबलवाल्याला कधी कळवलंत, बाटली बदलणार म्हणून?"

"ठरलं त्याच दिवशी. फोन केला होता."

"आणि खोकेवाल्याला?"

"त्यालाही."

"मग मीच तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"तसं नाही हो. तुम्ही काय, घरच्याच. म्हटलं, फोन कशाला करायचा, रात्री जेवताना सांगू." त्याने मान खाली घातली. "मग ते राहूनच गेलं."

राहून गेलं! रोज रात्री हा माणूस तिच्या हातचं जेवत होता. भाजीत मीठ कमी पडलं तर ते सांगायला एकदाही विसरला नव्हता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात फोन वाजला. प्लास्टिकचे दाणे पुरवणारा व्यापारी होता. उद्याची गाडी भरू का, विचारत होता.

"भरू नका," ती म्हणाली. "माझी ऑर्डर गेली. दोन महिने मशीन बंद राहील. माल दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाका."

मशीनवरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं.

"बरं झालं, ताई, वेळेत सांगितलंत," व्यापारी म्हणाला.

तिने फोन ठेवला. दीर उठून जवळ आला. "वहिनी, घरातलीच गोष्ट आहे. सांभाळून घ्या ना."

"मला परकी करून टाका, भावजी," ती म्हणाली. "परक्यांना तुम्ही वेळेवर सांगता."