शेवटचा बोल्ट

यवतमाळच्या शोरूममध्ये नव्या गाडीच्या बिलात साडीगार्ड बसवायची मजुरी शंभर रुपये पाहून गुलाबराव उसळले. “दोन बोल्टांचे शंभर? आमच्या कापसाच्या भावात आमची मजुरी कोणी धरते काय? मंग तुमची मी कायले धरू?” मॅनेजरनं मजुरी खोडून गार्ड सुटाच हातात दिला; रांगेतल्या शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायको विमलताई सुटा साडीगार्ड मांडीवर घेऊन घाटंजीला घरापर्यंत आल्या. संध्याकाळी भाचीच्या मांडवात नवी गाडी मिरवायची होती. अंगणात दुपारभर गुलाबराव पाना फिरवत राहिले आणि विमलताई गार्ड नि बोल्ट धरून बसल्या. शेवटचा बोल्ट मागितला तेव्हा मात्र विमलताईंनी मूठ मिटली. “आधी माही मजुरी द्या. दीडशे.” “अवं, घरच्या माणसाची मजुरी कोणी धरते काय?” “हेच तं कापसाचा भाव ठरवणारे म्हणतेत!” तिकडं मांडवात बँड वाजू लागला. गुलाबरावांनी दीडशे मोजले. शोरूमवाला शंभरच मागत होता.