उजवी पाकळी

खाडीकाठची जमीन कंपनीच्या जेटीला द्यावी की नाही, हे दोन हजार एक साली गावाने जाखमातेला विचारलं. कौल लावायचा मान रघू गुरवाचा. देवीच्या मूर्तीवर पाण्याने दोन पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार. उजवीच पडली. देवीच हो म्हणाल्यावर बोलणार कोण? सगळ्यांनी निमूट सह्या केल्या.

उजवी मुद्दाम सैल लावली होती, हे फक्त रघूला ठाऊक. महिन्याभरात कंपनीने, ठरल्याप्रमाणे, त्याच्या मुलाला, दिगंबरला, मालवाहू बार्जवर नोकरी दिली.

तिसऱ्या वर्षी वादळात ती बार्ज बेपत्ता झाली.

"आवो, देवीला इचारा. माजा दिगू येल ना परत?" रघूची बायको सोनूबाई पदर पसरून म्हणाली. सगळं गाव देवळात जमलं होतं. रघूने पाकळ्या लावल्या. उजवी लगेच पडली.

"येतोय गो तुजा दिगू!" बायकांनी सोनूबाईला मिठी मारली. तीन दिवसांनी ती पहिल्यांदा चूल पेटवायला घरी गेली.

 

रघू मात्र गाभाऱ्यात आपल्या बोटांकडे बघत बसून राहिला. या वेळी ती पाकळी घट्ट दाबली होती का, हे काही केल्या त्याला आठवत नव्हतं.