टकटक

"मला तो आवाज परत हवाय," चष्मेवाला म्हणाला.

मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला. "कसला आवाज?"

"टकटक. इंजिनाची. परवा तुमच्याकडे गाडी आणली तेव्हा होती. आता नाही."

मेकॅनिकला आधी हसू आलं. आजवर लोक त्याच्याकडे आवाज घालवायला येत होते. परत मागायला आलेला हा पहिलाच. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून घासून या माणसाचं डोकं फिरलं असावं, असंही त्याला वाटून गेलं.

"अहो, ती टकटक जावी म्हणून लोक हात जोडतात मला. तुमच्या गाडीतलं ऑइल पार तळाला गेलं होतं. मी ते सगळं काढलं आणि मोटरसायकलचं घातलं. दाट असतं, जुन्या इंजिनाला मानवतं. कारचं हल्लीचं ऑइल म्हणजे नुसतं पाणी. या म्हातारीच्या अंगी लागत नाही ते." त्याने किल्ली फिरवली. "ऐका. कशी गपगुमान चालतेय."

"तेच तर," चष्मेवाला म्हणाला. "काल त्या जेवल्या नाहीत."

"कोण?"

चष्मेवाल्याने चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. तो पुसायची काही गरज नव्हती.

"संध्याकाळी या गाडीचा आवाज आला की त्या म्हणतात, आले. मग ताटं घेतली जातात, चार घास पोटात जातात. काल आवाजच आला नाही. अंधार पडला तरी खिडकीतून हलल्या नाहीत. नंतर रडल्या."

"बायकोला अहो-जाहो!" मेकॅनिकने डोळे मिचकावले. "वहिनींचा धाक दिसतोय चांगलाच."

चष्मेवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने चष्मा पुन्हा चढवला.

"पण गाडी दारात आलेली दिसली असेल की त्यांना," मेकॅनिक म्हणाला.

"बघून आता काही कळत नाही त्यांना. सगळं विसरल्यात. पोटच्या मुलीला कामाची बाई समजतात. हा आवाज तेवढा राहिलाय. तो आला की जीव भांड्यात पडतो. पुढचं काही लक्षात राहत नाही."

"आणि तुम्हाला? ओळखतात?"

"मला? नाही."

मेकॅनिकची थट्टा जिथल्या तिथे विरली. त्याने फडक्याला हात पुसले. म्हणाला, "तरी नशीबवान आहात. मी दारात हॉर्न वाजवून दमतो, पण आमच्याकडे टीव्हीवरून कुणी मान वळवेल तर शपथ. तुमच्या गाडीच्या आवाजाकडे कुणाचे तरी कान लागलेले असतात."

चष्मेवाला हसला. चेहऱ्याला न शोभणारी फ्रेम गिऱ्हाइकाला आवडली की तो असाच हसत असे.

"घालतो पातळ ऑइल," मेकॅनिक म्हणाला. "पण नंतर मला बोल लावू नका. टकटक म्हणजे आत लोखंड झिजतंय. हे दाट ऑइल राहिलं तर गाडी बरीच वर्षं काढेल. ते काढलं तर वर्ष, फार तर दोन. मग इंजिन बसलंच समजा."

"तेवढं पुरे."

"गाडीला?"

चष्मेवाला टपावर हात ठेवून उभा राहिला. "दोघींनाही. डॉक्टर तेवढंच म्हणालेत."

मेकॅनिक गाडीखाली सरकला. नवंकोरं दाट ऑइल ट्रेमध्ये उतरू लागलं. चांगलं केलेलं काम आपल्याच हाताने बिघडवायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण त्याने ते नीट बिघडवलं. पातळ ऑइल भरलं आणि गाडी चालू करायला आत बसला. बसला तो खालीच गेला.

"ही सीट इतकी कशी खचली? तुम्ही तर काडीपहिलवान."

"गाडी जुनी आहे."

"आणि ही उशी?"

"तिच्याशिवाय मला रस्ता दिसत नाही."

इंजिन सुरू झालं. थोडा वेळ शांतता. मग एक टक. मग टकटक, टकटक. मेकॅनिकने दात दुखल्यासारखं तोंड केलं. चष्मेवाल्याचा चेहरा मात्र सैल पडला.

वाटेत त्याने बेकरीतून लहान पाव घेतला आणि शेजारच्या सीटवर ठेवला. मेकॅनिक सोडला तर चष्म्याच्या नंबराखेरीज त्याच्याशी दिवसभरात कुणी काही बोललं नव्हतं. बरेच दिवस असेच जात. त्याची सवय झाली आहे, असं तो स्वतःला सांगे. पण झाली नव्हती. म्हणूनच या गल्लीच्या तोंडाशी आला की त्याच्या छातीत धडधडायला लागायचं.

गल्लीत शिरताना त्याने गिअर खाली घेतला. आवाज मोठा झाला, समोरासमोरच्या भिंतींवर आपटत पुढे निघाला. शेवटच्या घराचा पडदा हलला. खिडकीत पांढरे केस दिसले.

"आले गं!" आतला आवाज खणखणीत होता. "ताटं घे लवकर."

चष्मेवाल्याचे डोळे भरून आले. बरं झालं, त्याला वाटलं, खूप बरं झालं.

फाटक वाजलं. मुलगी बाहेर आली. काल रात्री तिनेच त्याला फोन करून सगळं सांगितलं होतं. कालच्या जागरणाने तिचे डोळे अजून सुजलेले होते, पण ती हसत होती. तिने रोजच्यासारखा हात हलवला. त्यानेही हलवला, आणि वडील वारल्यावर तिने त्याला विकलेली ती गाडी न थांबवता तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडला, आपल्या कुलूपबंद खोलीकडे.