सगळ्यांच्या मागनं

मुलगी बघायला पावणं यायच्या आधी आईनं वर्षाराणीची तुळशीची माळ ब्लाऊजच्या आत सारली होती. पोहे खाऊन झाल्यावर मुलाच्या वडिलांनी दणक्यात विचारलं, "तांबडा-पांढरा येतोय न्हवं करायला? आमच्यात मटणाबिगर रविवार जात न्हाय."

वर्षाराणीनं माळ बाहेर काढली. "तुम्हाला करून वाढीन की. पण मी माळकरी हाय, खाणार न्हाय. कुणाच्या धाकानं न्हवं, देवाचा नेम मला आवडतो म्हणून."

आईनं डोळेच मिटले.

तेवढ्यात मुलाची आई उठली. कनवटीची माळ काढून तिनं सगळ्यांदेखत गळ्यात घातली आणि नवऱ्याला म्हणाली, "लग्न झाल्यापास्नं मी सगळ्यांच्या मागनं जेवते. माझ्या ताटात काय असतंय, ते तुम्ही कधी बघितलंच न्हाय."